न बांधलेल्या नाट्यगृहातला दुसरा आवाज

दिनांक ८ फेब्रुवारी २०२५, शनिवार, दुपार. जागा – पुणे, सातारा रस्ता, कात्रजच्या अलीकडे आमच्या इमारतीतलं तळमजल्यावरचं माझं ऑफिस. रक्कम – एक कोटी अठरा लाख चाळीस हजार, कर वेगळा. हजर – नाट्यगृह समितीचे अध्यक्ष रेडकर, समितीच्या इंजिनिअर सावंत मॅडम, माझी बायको नंदा आणि मी.

हे आधी लिहून टाकतो, कारण पुढे जे सांगणार आहे ते या चौघांनीही ऐकलं. एकट्याने ऐकलेल्या गोष्टीवर मी स्वतःसुद्धा विश्वास ठेवत नाही, तुम्ही कशाला ठेवाल?

माझा धंदाच आवाजाचा. त्यामुळे लोक 'घरात आवाज येतात' म्हणून माझ्याकडे येतात. आजवर तिघे आले. एकाचा आवाज निघाला पाइपमधल्या पाण्याचा, दुसऱ्याचा वरच्या मजल्यावरच्या वॉशिंग मशीनचा आणि तिसऱ्याच्या सासूबाई रात्री लाडू खायला उठत. तात्पर्य, आवाज आहे म्हणजे त्याला उगम आहे, आणि मीटर लावला की तो सापडतो, असं मी मानत आलो. आजही मानतो. फक्त या एका वेळी तो सापडलेला नाही.

काम काय होतं ते सांगतो. कोकणात समुद्राकाठच्या एका शहरात एक समिती दोन थिएटर बांधते आहे – सहाशे चाळीस खुर्च्यांचं नाट्यगृह आणि त्याला लागून एकशे वीस खुर्च्यांचं छोटं, सिनेमे दाखवायला. शहराचं नाव देत नाही, त्यांचा यात काही संबंध नाही. स्पीकर कुठे टांगायचे, पडदा केवढा, प्रोजेक्टर कुठला, नटाचा शब्द शेवटच्या रांगेत पोचतो की नाही, हे सगळं पुण्यात बसून कागदावर ठरवून देणं हे माझं काम. समुद्राकाठचं काम जरा वेगळं असतं. खारी हवा स्पीकरचे हुक खाते, प्रोजेक्टरच्या भिंगावर बुरशी धरते. म्हणून हुक स्टेनलेसचे, प्रोजेक्टरची खोली बंदिस्त, तिच्यात हवा कोरडी करणारं मशीन... असं सगळं अंदाजपत्रकात धरलेलं होतं. प्रत्यक्षात त्या जागेवर तेव्हा फक्त खांब उभे होते. ना भिंत, ना छप्पर.

आता एक गोष्ट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. हॉल बांधायच्या आधी तो कसा ऐकू येईल हे आम्ही कॉम्प्युटरवर ऐकतो. हॉलची मापं भरायची, भिंती कशाच्या, खुर्च्यांना कापड कुठलं ते भरायचं. मग एखादं 'कोरडं' रेकॉर्डिंग त्यात सोडायचं. कोरडं म्हणजे ज्यात खोलीचा घुमारा अजिबात नाही असं. बोलणारा रंगमंचावर कुठे उभा आहे ते सांगायचं, आणि ऐकणारा कुठल्या खुर्चीवर बसलाय ते सांगायचं. हेडफोन लावला की तुम्ही त्या खुर्चीवर बसून ऐकताय असं ऐकू येतं. यात जादू काही नाही. गुणाकार आणि बेरजा आहेत, फक्त खूप आहेत.

कोरडी रेकॉर्डिंग तयार मिळतात, पण ती इंग्रजी. ज्या रंगमंचावर मराठी नाटक होणार तिथे 'ळ' आणि 'ण' शेवटच्या रांगेत कसा पोचतो ते मला ऐकायचं असतं. एरवी मी एका मुलीकडून करून घेतो. ती तेव्हा परगावी होती. नंदा म्हणाली, "मी बोलते की. एवढं काय त्यात?"

आमच्या बेडरूममधलं भिंतीतलं कपाट उघडून, आत गोधड्या लोंबकळत सोडून, तिला त्यात अर्धी उभी केली. माइक समोर. तिला वाटलं होतं मी काहीतरी वाचायला देईन. मी म्हटलं, "वाचल्यासारखं नको, नाटकातलं काही पाठ असेल तर बोल." मला काय ठाऊक ती काय बोलणार आहे! म्हणजे... ठाऊक असायला हवं होतं.

तिने 'फाटक' मधला शेवटचा प्रवेश बोलला.

सत्तावीस वर्षांपूर्वी आम्ही सगळे खडकीत राहत होतो, कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये. तिथल्याच एका स्टोअरकीपरने दोन पात्रांचं नाटुकलं लिहिलं होतं. रेल्वेचा फाटकवाला आणि त्याची बायको, एवढंच. ते कधी छापलं गेलं नाही. बायको झाली होती नंदा. फाटकवाला झाला होता दिलीप, कारखान्यातलाच, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. मी साउंडवाला. टेपरेकॉर्डर घेऊन विंगेत टेबलावर बसायचं आणि वेळेवर गाडीची शिट्टी वाजवायची. दिलीप मला नावाने हाक मारतच नसे. "ए साउंड" एवढंच. त्याचा आवाज मात्र... मी पंचवीस वर्षं आवाज मोजतोय, तसा आवाज पुन्हा मोजायला मिळाला नाही. हे लिहितानासुद्धा मला फार बरं वाटत नाहीये.

ते आम्ही एका नाट्यस्पर्धेत केलं. शेवटच्या प्रवेशात नंदाने रडायचं असतं. त्या दिवशी दिलीप कंदील ठेवायला म्हणून तिच्याजवळ वाकला आणि तिच्या कानाशी काहीतरी बोलला. संहितेत नसलेलं. आणि नंदा हसली. पात्र हसतं तसं नाही, नंदा हसते तसं. मग त्या हसण्यातच तिला रडू फुटलं. अभिनयाचं पहिलं बक्षीस तिला त्या हसण्यावर मिळालं, परीक्षकांनी तसं बोलूनच दाखवलं.

दोन वर्षांनी आमचं लग्न झालं. दिलीपही लग्नाला होता, वाढायला उभा होता. पण तो काय बोलला ते मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला ते विचारावंसं वाटतं हे तिला कळलं असतं. आणि खडकीतली माणसं कुठल्याही लग्नाकार्यात भेटली की आजतागायत माझ्यादेखत म्हणतात, "नंदा-दिलीपची काय जोडी होती हो!" मी म्हणतो, "हो, होती."

तर कपाटात नंदाने तो प्रवेश बोलला. स्वतःचं वाक्य बोलायची, मग गप्प राहायची. दिलीपचं वाक्य जेवढं लांब तेवढं गप्प. मी म्हटलं, "मध्ये थांबू नकोस, सलग बोल." तर म्हणाली, "त्याची वाक्यं होऊ देत ना मध्ये. नाहीतर मला पुढचं आठवत नाही."

आणि त्या ठिकाणी, गोधड्यांत तोंड खुपसून, पन्नाशीची नंदा परत तशीच हसली.

मी मधल्या मोकळ्या जागा कापल्या नाहीत. त्याचं कारण तांत्रिक होतं – बोलणं थांबलं की हॉलचा घुमारा किती वेळ रेंगाळतो ते त्या शांततेतच कळतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसात ते रेकॉर्डिंग मॉडेलमध्ये सोडलं. ऐकणारा बसवला के रांगेत, म्हणजे अकराव्या, मधोमध. हेडफोन लावला. नंदाचा आवाज आला, छान आला. "गाडी लेट आहे आज."

आणि मोकळ्या जागेत पुरुषाचा आवाज आला, "गाडी लेट नाही. आपण लवकर आलो."

मी हेडफोन काढला. ऑफिसात कुणी नव्हतं. परत लावला, परत तेच. दिलीपच होता.

आता तुम्ही जे जे विचाराल ते सगळं मी तपासलं. मूळ रेकॉर्डिंग उघडलं, मोकळ्या जागेत सपाट रेघ, काही नाही. जुन्या टेपवरून काही मिसळलं असेल म्हणाल, तर त्या नाटकाची टेप कधी झालीच नव्हती. कॉम्प्युटर बदलला, तेच. त्याच हॉलमध्ये दुसऱ्या एका बाईचं जुन्या कामातलं रेकॉर्डिंग सोडलं, तर फक्त बाई. नंदाचं रेकॉर्डिंग मी पूर्वी केलेल्या दुसऱ्या एका हॉलमध्ये सोडलं, तर फक्त नंदा. समुद्राकाठच्या त्या हॉलमध्ये आणि नंदाच्या मोकळ्या जागांमध्येच तो बोलत होता. जो हॉल अजून बांधलेलाच नाही त्यात.

आणि आता सांगायला हवं – दिलीप वारलेला नाही. तो लोणी काळभोरला मुलाकडे राहतो, धडधाकट आहे. पण त्याच्या घशाचं ऑपरेशन झालंय, स्वरयंत्र काढून टाकलंय. दोन वर्षं झाली, तो एक शब्द बोलू शकत नाही. मोबाइलवर मोठ्या अक्षरात टाइप करून दाखवतो.

भीती वाटली का? खरं सांगतो, नाही वाटली. त्यासाठी डोकं जागेवर लागतं. माझं डोकं एकाच गोष्टीकडे धावलं – शेवटच्या प्रवेशातली ती कुजबुज. तो बोलतोय, तर तेही बोलला असेल.

फाइल पुढे सरकवली. आलं ते. कुजबुजच, अगदी पुसट. के रांगेतून शब्द कळत नव्हते. मी ऐकणाऱ्याला एफ रांगेत बसवलं. कळेना. सी रांगेत बसवलं. सहाशे चाळीस खुर्च्या मी रंगमंचावरचं नीट ऐकू यावं म्हणून मांडल्या होत्या, आणि आता त्याच खुर्च्यांवरून मी माझ्या बायकोच्या कानाशी कोण काय बोलतंय ते ऐकायला एकेक रांग पुढे सरकत होतो. ए रांगेत, अगदी मधल्या खुर्चीवर आलो. तरी फुसफुस. 'बघ' असा एक शब्द लागला, बाकी काही नाही. मग नंदाचं हसणं, लख्ख. ते मात्र प्रत्येक खुर्चीवरून लख्ख ऐकू येत होतं.

त्या आठवड्यात मी दुसरं काही केलं नाही. बोलणारा दोन फूट डावीकडे घे, ऐकणारा उजवीकडे घे... रोज तेच.

नंदाने विचारलं, "कसा वाटतो माझा आवाज तिकडे? ऐकवा ना."

"झालं नाही अजून."

"एवढा वेळ लागतो?"

"लागतो."

ऐकवलं तर काय होईल ते मला दिसत होतं. तिला तो आवाज परत मिळेल. जो आता जगात कुठेही नाही, दिलीपकडेसुद्धा नाही, तो आवाज माझ्या ऑफिसात, माझ्या कॉम्प्युटरवर तिच्याशी बोलेल आणि ती तशी हसेल. माझ्याशी बोलताना ती हसत नाही असं नाही. पण तशी नाही. एवढंच माझं म्हणणं होतं. कुणाला सांगणार?

समितीची माणसं पुण्याला यायची होती. त्यांच्यासाठी मी त्या दुसऱ्या बाईचं रेकॉर्डिंग तयार ठेवलं. सलग, मोकळ्या जागा नसलेलं.

रेडकर सत्तरीचे, जन्म नाटकात गेलेला माणूस. सावंत मॅडम चाळिशीच्या, वही-पेन घेऊन बसणाऱ्या. नंदाने खाली कॉफी आणली. मी पडद्यावर नकाशे दाखवले, रकमा दाखवल्या. मग स्पीकरवर ते रेकॉर्डिंग लावलं. रेडकरांनी दोन मिनिटं ऐकलं.

"आवाज पोचतोय," ते म्हणाले, "पण हे बातम्या वाचल्यासारखं वाटतंय हो. नाटकातलं काही नाही का तुमच्याकडे?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात दारातून नंदा म्हणाली, "माझं लावा की. केलंय ना आपण."

"वहिनी नाटकात होत्या?" रेडकर खुर्चीत वळूनच बसले. "मग लावाच."

आता काय सांगणार? लावलं. ए रांग तशीच ठेवलेली होती, बदलायचं सुचलं नाही.

"गाडी लेट आहे आज."

"गाडी लेट नाही. आपण लवकर आलो."

मी नंदाकडे बघितलं. तिच्या हातात रिकाम्या कपांचा ट्रे होता. तो तिने हळूच कपाटावर ठेवला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

रेडकर डोळे मिटून ऐकत होते. "पुरुषाचा आवाज बरो आसा," ते म्हणाले. "कोण हे?"

तोवर प्रवेश पुढे गेला. कुजबुज आली आणि गेली, फुसफुसच.

"ते काय बोलले ते कळलं नाही," रेडकर म्हणाले. "पहिल्या रांगेत बसून कळत नसेल तर आम्ही कोटभर रुपये कशाला द्यायचे?"

सावंत मॅडम वहीतून वर बघून म्हणाल्या, "सर, हवा कुठली धरलीय?"

मंडळी, आयुष्यात असली चूक मी केली नव्हती. मॉडेलमध्ये हवेचं तापमान आणि दमटपणा भरावा लागतो. सॉफ्टवेअर स्वतःहून वीस अंश आणि पन्नास टक्के धरतं, म्हणजे साधारण पुण्याची हिवाळ्यातली हवा. इथल्या कामांना ते चालून जातं. समुद्राकाठच्या कामाला पहिल्यांदा ते बदलायचं असतं. आठवडाभर खुर्च्या हलवण्याच्या नादात मी ते बदललंच नव्हतं.

"पुण्याची राहिली," मी म्हटलं.

"तरीच," सावंत मॅडम म्हणाल्या. "आमच्याकडे येऊन बघा एकदा. शर्ट अंगाला चिकटला की समजा आलात."

रेडकर म्हणाले, "अहो, पुणेकर ते. आपली हवा बरोबर घेऊनच फिरतात."

मी तीस अंश आणि पंच्याऐंशी टक्के भरलं. लोकांना वाटतं दमट हवेत आवाज मंद होतो, तसं नाही. दमट हवेत 'स', 'श', 'ट' असली टोकदार अक्षरं लांबवर जास्त नीट जातात. पण लांबवर! ए रांगेत, चार मीटरवर, हवेने पडणारा फरक माणसाच्या कानाला कळूच शकत नाही. मी तो हिशेब नंतर तीनदा केलाय. कळूच शकत नाही.

कॉम्प्युटरने गणित पुरं केलं. मी परत लावलं. यावेळी थेट कुजबुजीपासून, कारण रेडकरांना तीच ऐकायची होती. थांबवायला माझ्याकडे काही कारण नव्हतं. सत्तावीस वर्षं जे मी एकट्यानेसुद्धा विचारलं नव्हतं, ते आता क्लायंटसमोर मोठ्या स्पीकरवर वाजणार होतं.

दिलीप कानाशी बोलावं तसं बोलला. चौघांना शब्द न् शब्द ऐकू आला.

"मागे वळू नकोस. साउंडवाला तुझ्याकडेच बघतोय मघापासून. आता बघ, शिट्टी चुकणार त्याची."

आणि नंदा हसली. स्पीकरमधून हसली आणि दारातही हसली. दोन्ही हसणी एकाच वेळी सुरू झाली, एकाच वेळी थांबली. मी मधे बसलो होतो.

"साउंडवाला कोण?" रेडकरांनी विचारलं.

नंदा पदराने डोळे पुसत म्हणाली, "हे काय, तुमच्यासमोर बसलेत."

"मग? चुकली काय शिट्टी?"

"चुकली ना. गाडी निघून गेल्यावर वाजली."

रेडकर मनापासून हसले. अंदाजपत्रक तिथेच मान्य झालं. त्या दोघांना त्यात वावगं काहीच वाटलं नाही – एक पुरुष आणि एक बाई, रेकॉर्डिंग चांगलं, विषय संपला. नंदा त्यांना फाटकापर्यंत सोडून आली. मग आत येऊन माझ्यासमोर बसली.

"कुठून मिळवलंत हे?"

"कुठूनही नाही." मी तिला सगळं दाखवलं. सपाट रेघ, दुसरा हॉल, दुसरी बाई. तिने ते नीट बघितलं, ती बँकेत होती, तिला आकडे कळतात.

"खरं सांगताय?"

"खोटं सांगून मला काय मिळणार?"

"तेही खरंच," ती म्हणाली. "एवढं गोड खोटं तुम्हाला जमणार नाही." मग, "आठवडाभर हे एकटेच ऐकत बसला होतात?"

"हो."

"काय बोलला ते कळावं म्हणून."

मी समोरची फाइल बंद केली.

"अहो, विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

"तू सांगितलं असतंस तर विचारावं लागलं नसतं."

"मला काय माहीत तुम्ही अजून त्या विंगेतच बसलाय ते!"

तुम्हाला वाटेल, आता सगळं मिटलं. कुजबुज तर माझ्याबद्दलच होती. त्याने सांगितलं नसतं तर कदाचित नंदाने माझ्याकडे बघितलंही नसतं. मलाही वाटलं होतं मिटेल. पण मिटायच्या ऐवजी ते जरा मोठंच झालं. तोपर्यंत मी समजत होतो की माझी बायको मी मिळवली. आता कळलं की ती मला त्याने दाखवून दिली, आणि तीही विनोद म्हणून.

आणि त्यावर नंदा म्हणाली, "हे दिलीपला ऐकवायला हवं."

"कशाला? त्या माणसाला त्रास कशाला द्यायचा?"

"त्रास त्याला होईल की तुम्हाला?"

पुढच्या रविवारी लॅपटॉप घेऊन आम्ही लोणी काळभोरला गेलो. दिलीप ओट्यावर वाट बघत बसला होता. अंगाने वाळलाय, गळ्यावर पांढरं फडकं बांधलेलं. मला बघून मोबाइलवर टाइप केलं आणि दाखवलं: 'ये साउंड.'

मी हेडफोन दोन नेले होते. एक दिलीपला, एक मला, असा माझा विचार होता. तिकडे गेल्यावर नंदाने सहज उचलून दुसरा स्वतःच्या कानाला लावला. तिसरा नव्हता.

तेव्हा मी फाइल सुरू केली आणि समोर बसून राहिलो. मला काही ऐकू येत नव्हतं, फक्त दिसत होतं. नंदाचे ओठ हलायचे, मग थांबायचे. ती थांबली की दिलीपचे ओठ हलायचे. घशातून नुसती हवा यायची, आवाज नाही. पण एकही शब्द मागेपुढे होत नव्हता. कोण कुठे श्वास घेतो तेसुद्धा दोघांना ठाऊक होतं. शेवटी दिलीप तिच्याकडे किंचित वाकला, आणि दोघं हसली. एकाच क्षणी. ती आवाज करून, तो आवाज न करता.

मी टेबलाच्या या बाजूला होतो. तिथूनच बघत होतो.

हेडफोन काढून दिलीपने बराच वेळ टाइप केलं. दाखवलं: 'हा मी नाही. माझा आवाज इतका चांगला कुठे होता.' मग परत हातात घेऊन पुढे लिहिलं: 'वाक्यं माझीच.' आणि त्याखाली: 'परत लाव.'

मी परत लावलं. तीन वेळा लावलं. त्याच्या सुनेने चहा आणला तो निवून गेला.

फाइल अजून माझ्याकडे आहे, अजून तशीच आहे. हवा पुण्याची ठेवली की फुसफुस, तिथली ठेवली की शब्द. हे का होतं, कसं होतं, मला माहीत नाही. माझ्या ओळखीतल्या दोघा जाणकारांना सगळं मोजमाप दिलं. एकाने 'सॉफ्टवेअरची चूक असेल' असं कळवलं, दुसऱ्याने काहीच कळवलं नाही. सॉफ्टवेअरच्या चुकीला कुणाच्या कानाशी कुणी काय बोललं ते कसं ठाऊक? तुमच्यापैकी कुणाकडे उत्तर असेल तर खाली जरूर लिहा, फक्त 'मनाचे खेळ' असं लिहू नका. चौघांनी एकदम ऐकलंय.

हॉलच्या भिंती आता उभ्या राहिल्यात. स्पीकर टांगायला मी पावसाळ्यानंतर जाणार आहे. नंदाही येणार म्हणते. मी एकटाच जावं असा माझा विचार आहे, अजून बोललो नाही.

राहिला हिशेब. मार्चमध्ये सावंत मॅडमचा मेल आला. अंदाजपत्रकात आवाजाचं मानधन एकाच कलाकाराचं धरलंय, आम्ही तर दोन आवाज ऐकले, तेव्हा ऑडिटला प्रश्न नको म्हणून दुसऱ्याचंही बिल पाठवावं. दुसरा आवाज कुणाचा नाही असं मी कुठल्या तोंडाने लिहिणार होतो? बिल पाठवलं. प्रत्येकी साडेतीन हजार, पैसे खात्यात जमा झाले. जे पैसे ज्याच्या नावाने आले ते त्याला गेले पाहिजेत, यात मला कधी शंका नसते. दिलीपला ऑनलाइन पाठवून देतो म्हटलं, तर नंदा म्हणाली, "नाही हो, रोख द्या. आणि माझेही त्यातच घाला. स्पर्धेतसुद्धा भत्ता आम्हाला असाच मिळायचा, दोघांचा मिळून." मी म्हटलं, तुझे तू वेगळे घे, हिशेबाला सोपं पडतं. तिने ऐकलं नाही.

दिले: सात हजार रुपये, रोख, एका पाकिटात, नंदा आणि दिलीप या दोघांना. पाकिटावर दोन्ही नावं मलाच लिहावी लागली.